भर उन्हाळ्यात बीटलचं इंजिन केस बंद करताय? आधी हे वाचा
जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनचं केस (बाहेरची पेटी) दोन भागांत असतं आणि मधे गॅस्केटच (सांधा बंद करणारी चकती) नसतं, त्यामुळं तेल थांबवायचं काम सीलंटचा (सांधा बुजवणाऱ्या लेपाचा) पातळ थर आणि नट एकसारखे आवळणं यावरच असतं बघा. दोन्ही कडा थिनरनं चकाचक पुसा, जुना सीलंट पटाशीनं अजिबात खरवडू नका, मॅग्नेशियमचं केस लई मऊ, एक ओरखडा पडला की तिथूनच गळणार.

सीलंट बोटानं एकदम पातळ पसरवा. जास्त लावलं तर दाबल्यावर आत निघतं, तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात आणि बेअरिंग उपाशी मरतं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारी सीलंट लवकर साय धरतो म्हणून हे काम सकाळीच करा आणि नट-वायसर, पाने सगळं आधीच मांडून ठेवा.

मोठे सहा स्टड (केसमधे बसवलेले आट्यांचे दांडे) १२ एमएमचे, तेल त्यांच्या आट्यांवरून बाहेर येतं, म्हणून सीलवाले नट घ्या, नाहीच मिळाले तर वायसरखाली आणि आट्यांना थोडं सीलंट लावा. आधी हे सहा, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत ३४ न्यूटन मीटरपर्यंत, मग ८ एमएमवाले २० ला. अंदाजानं आवळू नका, टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) भाड्यानं आणा पण आणाच! आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) हातानं फिरवून बघा, जड लागला की तिथंच थांबून केस परत उघडायचं.