आखाजी ते पोळा : अंगणातल्या पामची काळजी

खान्देशात घरची पामची झाडे दगावतात ती मुख्यतः दोन वेळा. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पारा ४४-४५ अंशांवर गेला की नवे लावलेले झाड करपते. पुढे श्रावणाची झड लागली की चार-पाच वर्षांचे भरलेले झाड शेंड्यातून कुजते, नाहीतर भुंगा ते पोखरतो. दोन्ही वेळा सोसावे लागते ते शेंड्यालाच. लिंबाची फांदी तुटली तर दुसरी फुटते. नारळ, रॉयल, फॉक्सटेल, खजूर यांना मात्र खोडाच्या टोकाशी एकच कोंब असतो. तो मेला की खोड वर्षभर उभे दिसले तरी झाड संपलेले असते. अरेका आणि रॅफिस बेटाने वाढतात, म्हणून त्यांचा एखादा बुंधा गेला तरी बाकीचे टिकतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पोंग्यावर रोज नजर असतेच, तीच नजर पामच्या मधल्या न उमललेल्या पानावर ठेवा. या सल्ल्यातली बहुतेक कामे त्या पानासाठीच आहेत.

झाड निवडताना

भर उन्हात, उघड्यावर लावायचे असेल तर शिंदी, खजूर, वॉशिंग्टोनिया आणि बिस्मार्किया ही आपल्या हवेला सर्वांत खात्रीची. रॉयल पाम वाढतो झपाट्याने, पण त्याला पाणी भरपूर लागते आणि वाळलेली वजनदार पाने धपकन खाली येतात. गाडी उभी करण्याच्या जागेवर किंवा विजेच्या तारांखाली तो नको. फॉक्सटेलला निचरा चांगला हवा, चुनखडीच्या जमिनीत तो लवकर पिवळा पडतो. अरेकाला सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली तरच तो हिरवा राहतो. रॅफिस ओट्यावर किंवा पूर्ण सावलीतच ठेवा. फिशटेल, म्हणजे भेरली माड, दिसायला देखणा असतो. पण एकदा फुलायला लागला की वरून खाली फुलत येतो आणि शेवटी मरतो. त्याच्या पिकलेल्या फळांच्या गराने कातडीला खाज सुटते, त्यामुळे लहान मुले खेळतात तिथे तो लावू नका. नारळात बाणावली घ्या, आणि विहिरीजवळ, केळीच्या आडोशाला लावा. उघड्या माळावर गरम वाऱ्यात त्याची फळे गळत राहतात. खजुराची नर-मादी झाडे वेगळी असतात, आणि फळ पिकायच्या वेळेलाच आपल्याकडे पाऊस सुरू होतो. फळाच्या आशेने लावणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. 'सॅगो पाम' म्हणून विकतात ते सायकस हे पाम नव्हेच. ते कुत्र्यांना विषारी असते, घरात कुत्रा असेल तर टाळा.

काळ्या जमिनीत लावताना

सर्वांत जास्त झाडे इथे जातात, म्हणून हा भाग सविस्तर.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी बरीच मोठी पाम आंध्रातल्या कडियम भागातून येतात. तिथे ती लाल मातीत वाढलेली असतात. मुळांभोवतीचा तो लाल मातीचा गोळा आपल्या भारी काळ्या जमिनीतल्या खड्ड्यात बसवला की दोन मातींचे पाण्याशी जमत नाही. उन्हाळ्यात आजूबाजूची काळी माती ओली दिसते आणि आतला गोळा कोरडाठाक असतो. पावसाळ्यात उलटे होते: खड्ड्यात पाणी साचते, ते बाहेरच्या चिकण मातीत मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. खड्डा वाळूने किंवा लाल मातीने भरला की हे आणखी वाढते.

त्यासाठी आधी निचरा तपासा. दीड फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी याच वेळेला पाणी दिसत असेल तर तिथे खड्डा करून लावू नका. सहा फूट रुंद आणि फूट-दीड फूट उंच असा पसरट उंचवटा करा. त्यात तिथलीच माती, चाळलेला मुरूम आणि पूर्ण कुजलेले शेणखत अनुक्रमे तीन, एक आणि एक पाट्या या प्रमाणात मिसळा, आणि झाड त्यावर लावा. निचरा बरा असेल तर गोळ्याच्या दुप्पट रुंद खड्डा पुरे. खोली मात्र गोळ्याएवढीच ठेवा. भुसभुशीत भरावावर झाड पहिल्याच पावसात खचते, आणि खचलेल्या झाडाचा बुंधा मातीत गाडला जातो. खोल गेलेल्या झाडाला लोह घेता येत नाही. वर्षभरात नवी पाने फिकट पिवळी येऊ लागतात आणि दोष खताला दिला जातो.

खड्डे आखाजीच्या आसपास खणून तापू द्या. लागवड मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. जमीन गरम आणि ओली असते तेव्हा पामची मुळे सर्वांत वेगाने सुटतात. लावताना गोळ्याभोवतीचे प्लॅस्टिक, गोणपाट आणि दोरी सगळे काढा. आत राहिलेली प्लॅस्टिकची पिशवी दोन वर्षांनी झाड मारते. कापलेल्या मुळांच्या मानाने पाने जास्त असतील तर खालची एक तृतीयांश ते निम्मी काढा, उरलेली सुतळीने सैल बांधा. आधाराचे बांबू खोडाला खिळे ठोकून लावू नका. पामच्या खोडाला पडलेले भोक आयुष्यभर भरत नाही, आणि तीच वाट पुढे खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या कामी येते. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर पट्ट्या बांधा आणि त्यांना टेकू द्या. दिव्यांच्या माळा आणि पाट्या खिळ्यांनी लावू नका, त्याचेही हेच कारण.

झाड लागले की नाही हे महिनाभर वाट न पाहता कळते. मधल्या न उमललेल्या पानावर आणि त्याला चिकटलेल्या शेजारच्या देठावर मार्कर पेनने एकाच पातळीत आडवी रेघ मारा. पंधरा दिवसांनी मधल्या पानावरची रेघ वर सरकलेली दिसली तर झाड चालू आहे. मग सुतळी सोडा. रेघ हलली नाही आणि पान हलक्या ओढीने हातात आले तर शेंडा कुजतो आहे.

उन्हाळ्याचे पाणी

मोठ्या नारळाला उन्हाळ्यात दिवसाला ४५ ते ५० लिटर पाणी लागते. ठिबक असेल तर खोडापासून तीन फुटांवर चारी बाजूंना ताशी ८ लिटरची एकेक तोटी, आणि रोज दीड तास. आळ्याने देत असाल तर दर चौथ्या दिवशी २०० लिटर. पहिल्या वर्षाच्या रोपाला रोज १० ते १५ लिटर, पण त्यातले काही पाणी थेट गोळ्यावर पडायला हवे. बाहेरच्या मातीत ओल दिसते म्हणून गोळा भिजला असे समजू नका, बोट खुपसून पाहा. काळ्या जमिनीला भेगा पडू देऊ नका. भेग पडताना मुळे तुटतात, आणि त्यातून येणारी गरम हवा उरलेली मुळे वाळवते. केळीचा वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरा, खोडापासून वीतभर लांब. रोहिणीच्या शेवटी हे आच्छादन उचला किंवा पातळ करा, कारण पाऊस पडल्यावर त्याच कुजत्या थरात शेंडा कुरतडणारा गेंडा भुंगा अंडी घालतो.

नव्या झाडाला पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. रोपवाटिकेत सावलीत वाढलेले झाड नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक, उन्हात थेट ठेवले तर पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. ते रोग नव्हेत. औषध फवारून जात नाहीत आणि पुढच्या पानांवर येत नाहीत.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. नारळाच्या बुंध्याशी किलो-दोन किलो मीठ घालण्याची पद्धत आपल्याकडे थांबायला हवी. नारळाला क्लोराइड उपयोगी पडते हे खरे, पण ते म्युरेट ऑफ पोटॅश या खतातून मिळते. मिठातले सोडियम मात्र आपल्या आधीच चोपण होऊ पाहणाऱ्या जमिनीत साठते, माती दगडासारखी घट्ट होते आणि निचरा आणखी बिघडतो. बोअरचे पाणी जड असेल तिथे तर हे झाडाला दुहेरी पडते.

पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते पाहा

खत देण्याआधी झाडाकडे दोन मिनिटे बघा. सर्वांत जुन्या, खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके असतील, पान उजेडात धरल्यावर ते ठिपके आरपार दिसत असतील आणि टोके वाळत असतील तर पालाश (पोटॅश) कमी आहे. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मधला भाग हिरवागार असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. पिवळेपणा नव्या पानांवर असेल आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. नवे पान आखूड, चुरगळलेले, टोकाला करपलेले येत असेल तर मँगनीज. नव्या पानाचे टोक आकड्यासारखे वळलेले दिसले तर बोरॉन.

पालाश कमी असताना लोक खालची पिवळी पाने कापतात आणि झाड आणखी बिघडते. झाड त्या जुन्या पानांतला पालाश काढून नव्या पानांना पुरवत असते. ती कापली की ते त्यांच्या वरच्या पानांतून घेऊ लागते आणि पिवळेपणा वर सरकतो. लागवडीची वेळ सोडली तर पूर्ण वाळलेले पानच कापा. जमिनीला समांतर अशा आडव्या रेषेच्या वर असलेल्या हिरव्या पानाला कधीच कोयता लावू नका. नारळाचे हिरवे पान कापावेच लागले तर चार फूट देठ ठेवा. ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि लांब देठ असला तर तो खोडापर्यंत पोचत नाही.

मोठ्या नारळासाठी कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची शिफारस वर्षाला नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० ग्रॅम, पालाश १,२०० ग्रॅम अशी आहे. म्हणजे साधारण युरिया १ किलो १०० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २ किलो. यातला एक तृतीयांश पहिल्या पावसावर आणि उरलेला पोळ्याच्या सुमारास द्या. पहिल्या वर्षी एक दशांश, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्यापासून पूर्ण मात्रा. शोभेच्या झाडांना त्यांच्या आकाराप्रमाणे याच्या पाव ते निम्मे पुरते. सोबत मोठ्या झाडाला मॅग्नेशियम सल्फेट ५०० ग्रॅम द्या. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट मातीत घालणे वाया जाते, ते तिथेच अडकते. तिथे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह वापरा. मँगनीजसाठी १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मँगनीज सल्फेट घेऊन पानांवर फवारा. शक्य असेल तर आधी माती आणि पाणी तपासून घ्या. त्यासाठी पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

पाऊस लागल्यावर

गेंडा भुंगा उकिरड्यात वाढतो. अर्धवट कुजलेल्या शेणखतात जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार अळ्या दिसतात. त्या हुमणी समजून सोडू नका, खत उन्हात पसरून वेचून मारा. भुंगा रात्री शेंड्यात शिरतो आणि न उमललेले पान आडवे कुरतडतो. ते पान उमलल्यावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसते. पानांच्या बेचक्यात चघळलेला चोथा दिसला तर टोकाला आकडा केलेल्या तारेने भुंगा ओढून काढा. मग वरच्या तीन बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू एकत्र करून भरा. हे काम मृगाच्या आधी एकदा आणि पोळ्याला पुन्हा करा. लहान झाडांच्या बेचक्यांभोवती मासे धरायची जुनी नायलॉनची जाळी गुंडाळली तर भुंगा तिच्यातच अडकतो.

सोंड्या भुंगा खोडात असतो आणि उशिरा कळतो. खोडावर बारीक भोक, त्यातून ओघळलेला तपकिरी चिकट रस, बाहेर आलेला चोथा, आणि कान लावला तर आतून कुरतडल्याचा आवाज, ही त्याची लक्षणे. खालची भोके ओल्या मातीने बंद करा आणि सर्वांत वरच्या भोकातून इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक, १ मिलि एक लिटर पाण्यात मिसळून, नरसाळ्याने सोडा. मग तेही भोक बुजवा. नारळ असेल तर आधी फळे उतरवून घ्या, हातमोजे घाला. शेंडा कलला असेल तर उपचाराचा उपयोग नाही. झाड पाडा, खोड चिरा आणि जाळून टाका. शिंदीचे मेलेले खोड बांधावर पडले असेल तर तेही तिथे राहू देऊ नका.

शेंडा कुजण्यावर प्रतिबंध म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण, पावसाच्या तोंडावर आणि नंतर ४० दिवसांनी. प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसऱ्या बादलीत ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना फोडून निववा आणि गाळून घ्या. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर कोवळे पान भाजेल. मिश्रण त्याच दिवशी वापरा. कूज सुरू झालेली असेल तर सडका भाग धारदार चाकूने निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत खरवडा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करा. ही बोर्डो पेस्ट तिथे लावा आणि नवा कोंब दिसेपर्यंत वर प्लॅस्टिक बांधून पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नका.

कुंडीतल्या पामसाठी दोनच गोष्टी. उन्हाळ्यात अरेकाची पाने धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसली तर पानामागे लाल कोळी असतो. आठवड्यातून दोनदा सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कुंडीच्या काठावर दिसू लागला असेल तर पहिल्या जोराच्या पावसात कुंड्या बशीशिवाय उघड्यावर ठेवा, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील. मग पंधरा दिवसांनी खत द्या.