बदलीच्या आदेशाला आव्हान देताना या चुका टाळा

बदलीचा आदेश हातात पडला की डोळ्यांसमोर आधी घर येतं. आईची औषधं, मुलीची दहावी, नवरा एका जिल्ह्यात नि बायको दुसऱ्या. हे सगळं खरं असतं, पण राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवेतले वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, तेवढ्यावर आदेश सहसा रद्द होत नाही. बदली हा सरकारी सेवेचा भागच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आदेश रद्द होतो तो कायदा मोडला म्हणून, किंवा बदलीमागचा दुष्ट हेतू सिद्ध झाला म्हणून.

एका सहकाऱ्याचा मूळ अर्ज, म्हणजे मॅटमध्ये दाद मागणारा अर्ज, मी वाचला होता. अकरा पानं, त्यातली बहुतेक घरच्या अडचणींची. आपली तीन वर्षं भरायला चौदा महिने बाकी आहेत, हे वाक्य नवव्या पानाच्या तळाशी होतं! ते पहिल्या परिच्छेदात हवं होतं.

कारण 2005 च्या बदली अधिनियमात गट अ, ब आणि क साठी एका पदावरचा कालावधी सर्वसाधारणपणे 3 वर्षांचा आहे आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या आहेत. तीन वर्षांच्या आत हलवायचं तर कलम 4(5) प्रमाणे लेखी कारणं आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. एप्रिल-मे सोडून इतर महिन्यांतल्या बदलीसाठी कलम 4(4) च्या वेगळ्या अटी आहेत. ही दोन कलमं लोक सर्रास एकत्र कालवतात. तुमची बदली मुदतीआधीही झाली असेल आणि ऑगस्टमध्येही, तर दोन्ही मुद्दे वेगवेगळे मांडा. उलट तीन वर्षं भरून मे महिन्यात बदली झाली असेल, तर या दोन कलमांचा आधार उरत नाही, हे वकिलाची फी भरण्याआधीच मान्य करा.

आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच लिहिलेलं असतं. खरी गोष्ट नस्तीत, म्हणजे कार्यालयातल्या फाइलमध्ये, असते. टिपणीवर कारण काय लिहिलंय, बदल्यांची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीने, म्हणजे नागरी सेवा मंडळाने, काय शिफारस केली, आणि मान्यतेच्या सहीखाली तारीख कोणती, हे पाहायला हवं. आदेश 12 तारखेचा आणि मान्यता 16 ची असेल तर ती पूर्वमान्यता कशी म्हणायची? माहिती अधिकारात उत्तर यायला महिना जातो. त्याची वाट पाहत बसू नका. मूळ नस्ती हजर करण्याची विनंती अर्जातच करा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. आदेश आला की आजारपणाची रजा टाकायची, नव्या जागी रुजू व्हायचं नाही आणि वरिष्ठांकडे निवेदन दिलंय म्हणून निश्चिंत राहायचं. गुजरात विद्युत मंडळाच्या एका कर्मचाऱ्याने सुरतहून उकाईला रुजू व्हायचं टाळलं, त्याची नोकरी गेली, आणि 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. निवेदन म्हणजे स्थगिती नव्हे. मॅटमध्ये जायला कायद्याने वर्षाची मुदत असली तरी बदलीच्या प्रकरणात दिवस मोजावे लागतात. तुम्ही जुन्या पदावरून कार्यमुक्त झालात, तुमच्या खुर्चीवर दुसरा बसला, की अंतरिम स्थगिती मिळणं अवघड होतं. अर्ज त्याआधी गेला पाहिजे, आणि स्थगिती मिळाली नाही तर रुजू होऊन लढा. रुजू झाल्याने अर्ज आपोआप संपत नाही.

तुमच्या जागी ज्याची नेमणूक झाली, त्याला प्रतिवादी करायला विसरू नका. आकसाने बदली केली असं म्हणायचं असेल, तर त्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि घटना तारखांसह द्याव्या लागतात. नुसतं ‘राजकीय दबावाखाली’ लिहून काही हाती लागत नाही. स्वतः आमदारांचं पत्र जोडण्याचा मोह तर अजिबात नको. 1979 च्या वर्तणूक नियमांखाली वरिष्ठांवर बाहेरून दबाव आणणं हाच गैरवर्तनाचा मुद्दा होतो.

दारही नीट पाहून ठोठावा. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट नाही, त्यांना उच्च न्यायालयातच जावं लागतं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट आहे. मॅटने अर्ज फेटाळला तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 1997 च्या निकालानुसार उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट याचिका करता येते.