बिब्बा घ्यायला आलात? आधी हे वाचा

आमचं काष्ठौषधीचं दुकान. बिब्बा मागणाऱ्याला मी आधी विचारतो, कशाला हवा? शनिवारी लिंबू-मिरचीसोबत ओवायला असेल तर सुईनं टोचताना हातावर रस येऊ देऊ नका. डिंकाच्या लाडवात घालायचा असेल तर बिब्बा नकोच, गोडंबी न्या. गोडंबी म्हणजे आतला गर. जहर असतं ते बाहेरच्या काळ्या टरफलातल्या तेलात. विदर्भात बाया हाताला तेल-राख चोळून बिबे फोडतात, तरी त्यांची बोटं काळी पडतात, सोलतात. घरच्या अडकित्त्यानं तो उद्योग करू नका. फोडलेली टरफलं चुलीतही घालू नका, धुरानं तोंड सुजतं.

हिंदी गिऱ्हाईक भिलावा म्हणतं, गुजराती भिलामो, वैद्याच्या चिठ्ठीत भल्लातक असतं. माल एकच. ‘बिब्ब्याची फुलं’ मात्र वेगळी. फळाखालचा नारिंगी, मांसल देठ वाळवला की ती होतात, आणि ती खातात.

जुनी माणसं टाचेच्या भेगांना, काटा मोडलेल्या जागी तापलेल्या बिब्ब्याचा चटका देत. खोकल्याला दिव्यावर धरून तेलाचे थेंब दुधात पाडत. धोबी त्याच्याच रसानं कपड्यांवर खुणा करत, चुना लावला की खूण पक्की. चरकसंहितेत बिब्बा अग्नीसारखा तीक्ष्ण, पण विधीनं दिला तर अमृतासमान म्हटलाय. औषधात घालण्याआधी तो विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल शोषून घेतात, मग पुढचं शोधन, म्हणजे शुद्ध करणं. ते वैद्याचं काम. दुधातले थेंब मी कुणाला सुचवत नाही, कितीही आजीचा हवाला द्या.

आंब्याचा चीक ज्याला उततो त्यानं बिब्ब्याला हातच लावू नये, दोन्ही एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचंही तेच.

रस लागलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, नखांच्या आतूनसुद्धा. तेल नंतर, आधी चोळलंत तर रस पसरतो. कपडे वेगळे धुवा. बिब्बा कधीकधी दुसऱ्या दिवशी उततो, म्हणून तासाभरात काही झालं नाही म्हणजे सुटलो असं नाही. खाज आली तरी खाजवू नका, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. डोळ्यात गेला, तोंड सुजलं किंवा श्वास अडला, तर थेट दवाखाना. आणि उरलेले बिबे पोरांच्या हाताला लागतील असे ठेवू नका, झाकणाच्या बरणीत, वरच्या फळीवर.