मोगरा की निशिगंध? सोलापुरात अत्तर घेताना

दुकानात दोन्ही बाटल्या उघडल्या की दोन्ही हव्याशा वाटतात. म्हणून पहिलं काम दुकानात जाण्याआधीचं: हे अत्तर कधी लावणार, ते ठरवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात सुगंध एकदम उसळतो. मोगऱ्याचा वास ताजा, किंचित हिरवट असतो. निशिगंध जड आणि स्निग्ध. सांधेदुखीच्या मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधातही असतं, त्यामुळे सुरुवातीला औषधी झाक आली तर अत्तर खराब आहे असं समजू नका, थोडं थांबा.

सकाळी आंघोळ करून जा. पावडर, सुवासिक तेल, गजरा त्या दिवशी नको. आधी दोन्ही अत्तरं कागदी पट्टीवर घ्या. पट्टीवर नावडलं ते तिथेच सोडा, पण आवडलं म्हणून लगेच पैसे मोजू नका. अत्तराची खरी परीक्षा आपल्या कातडीवर होते.

डाव्या मनगटावर मोगरा, उजव्यावर निशिगंध, एकेकच थेंब. मनगटं एकमेकांवर घासू नका, नाहीतर दोन्ही वास मिसळतील. आता दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी बाहेर पडा. नवी पेठेतली बाकीची खरेदी उरका, सिद्धेश्वर तलावाकाठी चक्कर मारा. दहा मिनिटांनी हुंगा, तासाभराने हुंगा, दुपारी घाम आल्यावर तर नक्कीच हुंगा. मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं. थोडं असलं की फूल जिवंत वाटतं, पण उकाड्यात काहींच्या अंगावर तेच कुबट लागतं. निशिगंधाने डोकं जड झालं, तर तो उन्हाळ्यासाठी नाही. वास येईनासा झाला तरी अत्तर उडालं असं धरू नका. नाक त्याला सरावतं. घरातल्या कुणाला तरी विचारा.

किंमत विचारताना एक माहिती उपयोगी पडेल. मोगऱ्याचं पारंपरिक अत्तर उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला डेग-भपक्यात काढतात, म्हणजे फुलं पाण्यात उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. निशिगंधाच्या फुलाला ती उष्णता मानवत नाही; त्याचा अर्क द्रावकाने काढतात आणि तो फार महाग पडतो. स्वस्तात मिळणारं निशिगंधाचं अत्तर बहुधा रासायनिक मिश्रण असतं. वास आवडला तर खुशाल घ्या, फक्त अस्सलाचे पैसे देऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. कचेरीसाठी, बसच्या गर्दीसाठी, उन्हाळ्यासाठी मोगरा. निशिगंध जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला, थंडीतल्या लग्नाला, संध्याकाळी लावावा. गार हवेत तो सुरेख उलगडतो. तरीही तुमच्या मनगटाने दुपारी वेगळा कौल दिला, तर तोच ऐका.

पहिल्यांदा सर्वांत लहान कुपी घ्या. इरकलीवर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर थेट लावू नका, तेलाचा डाग पडतो. कुपी कपाटात अंधारात ठेवा, स्कूटरच्या डिकीत कधीच नको.