लाकूड कोरायला चाकूची धार कुठली घ्यावी?

पन्हाळ्याकडं कॅम्पिंगला जाऊन चमचा-बिमचा कोरायचा असेल तर भावांनो स्कँडी ग्राइंडच घ्या (ग्राइंड म्हणजे पातं धारेकडं घासून दिलेला आकार), कारण त्याला दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद उतार असतो, तो लाकडावर टेकवला की पातं किती खोल चाललंय ते हाताला बरोबर कळतं, आणि धार लावताना तोच उतार दगडावर सपाट ठेवून घासायचा, कोन धरायची भानगडच नाही. बाभळीसारख्या कडक लाकडात, गाठीवर मात्र ही बारीक धार मुडपू शकते, तिथं कॉन्व्हेक्स लई भारी, पात्याच्या बाजू फुगीर असल्यानं टिकतं, पण धार लावायला सराव पाहिजे. फ्लॅट ग्राइंड, म्हणजे धारेपर्यंत सरळ निमुळतं होत गेलेलं पातं, कांदा चिरण्यापासून सगळ्याला चालतंय. हॉलो, म्हणजे बाजू आत खोलगट घासलेलं, नकोच, धारेमागं पातं पातळ असतं, जोर दिला की धारेचा टवका उडतो. शिकायला शिवण किंवा पांगाऱ्याचं लाकूड घ्या, ओलसर असतानाच कोरा, आणि राधानगरी अभयारण्यातलं लाकूड अजिबात उचलू नका.