सर्च जाहिरातीचा मजकूर लिहायला बसण्यापूर्वी: लांबीची तयारी

पहिली नोंद मर्यादांची करा आणि ती लिहिताना डोळ्यांसमोर राहू द्या. गूगल ॲड्सच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीत (शोध-निकालांतली अशी जाहिरात, जिचे तुकडे गूगल स्वतः निवडून जोडते) किमान 3 आणि कमाल 15 हेडलाइन द्याव्या लागतात, प्रत्येकी 30 अक्षरांपर्यंत. डिस्क्रिप्शन (हेडलाइनखालचा वर्णनाचा मजकूर) किमान 2, कमाल 4, प्रत्येकी 90 अक्षरांपर्यंत. दिसणाऱ्या पत्त्यात डोमेननंतर 15-15 अक्षरांचे दोन तुकडे बसतात. साइटलिंकचे (जाहिरातीखालच्या जादा दुव्याचे) नाव 25 अक्षरांत संपवायचे, त्याखालच्या दोन ओळी 35-35 मध्ये. कॉलआउटलाही (वैशिष्ट्य सांगणाऱ्या छोट्या तुकड्यालाही) 25.

आता मोजणी. देवनागरीत लिहिणाऱ्यांचे इथे हमखास चुकते, कारण आपण अक्षरे उच्चाराने मोजतो आणि संगणक युनिकोडची चिन्हे मोजतो. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह आहे. ‘घरपोच’ आणि ‘विश्वासार्ह’ हे दोन्ही शब्द डोळ्याला चार-चार अक्षरांचे वाटतात. पण पहिल्यात 5 चिन्हे आहेत आणि दुसऱ्यात 11, म्हणजे हेडलाइनच्या एक तृतीयांशाहून जास्त जागा एकट्या विशेषणाने खाल्ली. म्हणून मजकूर आधी स्प्रेडशीटमध्ये लिहा, शेजारच्या रकान्यात अक्षरसंख्येचे सूत्र टाका आणि जोडाक्षरांनी जड झालेल्या शब्दांना साधा पर्याय शोधा. चिनी, जपानी आणि कोरियन लिपीत एक अक्षर दोन म्हणून धरले जाते, त्यामुळे तिथे हेडलाइन 15 अक्षरांचीच उरते. अनेक भाषांत जाहिरात करायची असेल तर एका भाषेत लिहून बाकीच्यांत उतरवण्याचा बेत इथेच सोडून द्या. प्रत्येक भाषेचा मजकूर वेगळा बांधावा लागतो.

लांबीबद्दल वाचलेले जुने सल्ले त्यांच्या तारखेसह तपासा. 2016 पूर्वीच्या जाहिरातीत 25 अक्षरांची एक हेडलाइन आणि 35-35 च्या दोन ओळी असत, एकूण 95. जुलै 2016 मध्ये विस्तारित जाहिरात आली: 30-30 च्या दोन हेडलाइन आणि 80 चे एक डिस्क्रिप्शन, म्हणजे 140. 2018 मध्ये तिसरी हेडलाइन आणि 90-90 ची दोन डिस्क्रिप्शन मिळून मर्यादा 270 वर गेली. 30 जून 2022 नंतर ठरलेल्या क्रमाची ती विस्तारित जाहिरात नव्याने बनवता येत नाही. तुमच्या खात्यात अशा जुन्या जाहिराती चालू असतील तर त्या काढून टाकू नका, फार तर थांबवा. थांबवलेली पुन्हा सुरू करता येते; काढलेली परत बनवता येत नाही.

‘लांब जाहिरातीला जास्त क्लिक’ हा निष्कर्ष पुष्कळसा त्या स्थित्यंतराच्या काळातला आहे. तेव्हा नवी लांब जाहिरात जुन्या आखूड जाहिरातींच्या शेजारी उभी राहत होती आणि जास्त जागा व्यापत होती. आता सगळ्यांनाच तेवढी जागा आहे, तेव्हा नुसत्या लांबीचा तो फायदा उरलेला नाही. उरला आहे तो जागेचा परिणाम: मोबाइलच्या पडद्यावर वरची जाहिरात जितकी उंच, तितकी खालची पडद्याबाहेर ढकलली जाते. त्यामुळे तुम्ही बहुतेक वेळा कुठल्या स्थानावर दिसता ते आधी बघा. खालच्या स्थानावर असाल तर तिसऱ्या हेडलाइनवर डोके लढवण्यापेक्षा शोधशब्दाशी जुळणारी पहिली हेडलाइन आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारे पान) सुधारणे जास्त उपयोगी पडते.

यानंतर सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो प्रत्येक तुकडा स्वतंत्र उभा राहतो का, हे पाहण्याला. 15 हेडलाइनमधून तीन क्रमाने लावण्याचे 2,730 प्रकार होतात आणि चार डिस्क्रिप्शनमधून दोन लावण्याचे 12. तुम्ही मनात धरलेली जोडी वाचकाला दिसेलच असे नाही. तिसरी हेडलाइन आणि दुसरे डिस्क्रिप्शन दिसण्याची हमी नसते; कधी एकच हेडलाइन दिसते, कधी एखादी हेडलाइन डिस्क्रिप्शनच्या सुरुवातीला जाऊन बसते. म्हणून एका हेडलाइनमध्ये सुरू झालेले वाक्य दुसरीत संपवू नका. ‘फक्त या आठवड्यात’ ही हेडलाइन एकटी पडली तर निरर्थक आहे. ‘या आठवड्यात छपाई मोफत’ एकटीही पुरते. सगळ्या हेडलाइन चिठ्ठ्यांवर लिहून कोणत्याही तीन उचला आणि मोठ्याने वाचा. एकच गोष्ट दोनदा ऐकू आली तर त्यातली एक कापा. पंधराही 29-30 अक्षरांच्या करू नका; काही 15-20 मध्ये संपवा. कापले जाणे पडद्यावरच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि आखूड तुकडा अरुंद पडद्यावरही पूर्ण राहतो.

जे दिसलेच पाहिजे, उदाहरणार्थ कायद्याने सांगणे भाग असलेली अट, ते पहिल्या किंवा दुसऱ्या हेडलाइनला किंवा पहिल्या डिस्क्रिप्शनला पिन करा, म्हणजे त्या जागी बांधून टाका. तिसऱ्या जागी पिन केलेली अट न दिसण्याचीच शक्यता राहते. एका जागेला एकच मजकूर पिन केला की प्रकार झपाट्याने घटतात (पहिली जागा बांधली की 2,730 चे 182 होतात), म्हणून त्याच जागेला दोन-तीन पर्याय पिन करणे बरे. पिन केल्यावर ‘ॲड स्ट्रेंथ’चा, म्हणजे गूगल मजकुराला देते त्या दर्जाचा, शेरा खाली येईल. घाबरून पिन काढू नका. तो शेरा जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावातल्या तुमच्या क्रमवारीत थेट मोजला जात नाही.

वाढीव जागेचा सर्वांत चांगला उपयोग, आमच्या मते, नको असलेल्या क्लिकला थांबवणे हा आहे. घाऊक खोकी विकणाऱ्याने ‘किमान मागणी 500 नग’ लिहिले तर एक-दोन खोकी हवी असलेला माणूस क्लिक करणार नाही. सीटीआर (जाहिरात जितक्यांदा दिसली त्यातल्या क्लिकचे प्रमाण) घसरेल, आणि ते ठीक आहे. हिशेब करून पाहा: मोघम लांब मजकुराला 60 क्लिक आणि 4 मागण्या आल्या, तर एका मागणीमागे 15 क्लिकचे पैसे गेले, अट स्पष्ट लिहिलेल्या मजकुराला 40 क्लिक आणि त्याच 4 मागण्या आल्या, तर 10 चेच. मात्र सीटीआर फार खाली गेला तर गूगल धरते त्या अपेक्षित सीटीआरचा दर्जा उतरून प्रत्येक क्लिक महाग पडू शकतो, म्हणून अट एकाच हेडलाइनमध्ये आणि एका डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा, सगळीकडे पेरू नका.

कीवर्ड (तुम्ही निवडलेला शोधशब्द) मजकुरात आपोआप बसवणारा कोड वापरत असाल तर महिरपी कंसातला पर्यायी मजकूर काळजीने लिहा. मूळ कीवर्ड मर्यादेबाहेर गेला की त्याच्या जागी हा पर्यायी मजकूरच दिसतो. हेडलाइनमध्ये उद्गारचिन्ह चालत नाही, जाहिरात नामंजूर होते.

चाचणीसाठी एका वेळी लांबी किंवा मुद्दा, यातले एकच बदला. मुद्दा तोच ठेवून एक आखूड आणि एक लांब डिस्क्रिप्शन असे दोन पर्याय प्रयोगात अर्ध्या-अर्ध्या रहदारीवर चालवा, आणि ऋतू, दर किंवा बजेट बदलणाऱ्या आठवड्यात ते सुरू करू नका. तुलना क्लिकवर थांबवू नका. मागणीमागचा खर्च मोजा, आणि तो मोजायचा तर कन्व्हर्जनची (क्लिकनंतर आलेल्या मागणीची) नोंद नीट पडते की नाही हे जाहिरात सुरू होण्याआधी स्वतः एक खोटी मागणी भरून तपासा. मोबाइल आणि संगणकाचे आकडे वेगळे काढा. मग कॉम्बिनेशनचा अहवाल उघडा आणि प्रत्यक्षात कोणत्या जोड्या जास्त दिसल्या ते वाचा. ज्या हेडलाइनला महिनाभरात इम्प्रेशनच मिळाले नाहीत, म्हणजे जी दिसलीच नाही, ती काढून तिच्या जागी वेगळ्या मुद्द्याची, वेगळ्या लांबीची हेडलाइन टाका.