लहान इंजिनाच्या गाडीतून पुरेपूर दम काढायचा तर

साठ-सत्तर बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) असलेली गाडी चढावर दम टाकायला लागली की पहिला सल्ला मिळतो तो कोन फिल्टरचा (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि जाड नळीच्या सायलेन्सरचा. आवाज वाढतो, गाडी तिथेच राहते. टर्बो नसलेल्या लहान इंजिनाला बाहेरून काही जोडून चार-पाच बीएचपी वाढली तरी खूप झालं. तुंबलेला फिल्टर, चिकटलेला ब्रेक, हवा कमी असलेले टायर आणि डिकीतला पसारा मिळून त्याहून जास्त सहज खातात. म्हणून आधी ही गळती बंद करायची, मग गिअर नीट वापरायला शिकायचं, मग टायर आणि सस्पेन्शनकडे वळायचं. इंजिनात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तिथवर जावंच लागत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी एक आकडा हातात हवा, नाहीतर खर्च केला म्हणून गाडी पळतेय असं वाटत राहतं. सपाट, सरळ, रिकामा आणि तेवढ्या वेगाची परवानगी असलेला रस्ता निवडा. एसी बंद, तिसरा गिअर, ४० पासून ८० पर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर. शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरचा व्हिडिओ घ्यायचा आणि सेकंद त्यावरून मोजायचे. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा करून सरासरी काढा, कारण वारा आणि डोळ्यांना न दिसणारा उतार एका दिशेला हमखास फसवतात. टाकीत इंधन आणि टायरमध्ये हवा दर वेळी तेवढीच हवी. बदलानंतर अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरक पडला तर तो पडला नाही असंच समजा.

गळती कुठे असते

सगळ्यात दुर्लक्षित गळती ब्रेकची. पंधरा मिनिटं गाडी चालवा, शेवटच्या टप्प्यात ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि थांबल्यावर तळहात चारही चाकांजवळ धरा. चाकाला हात लावू नका, पोळेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. गाडी थंड झाल्यावर सपाट जागी, बाकीच्या चाकांना उटी (अडवायला ठोकळा) लावून आणि जॅकसोबत स्टँड देऊन ते चाक उचला, गिअर न्यूट्रलला घ्या आणि हाताने फिरवा. मागचं चाक तपासताना हँडब्रेक सोडायला विसरू नका. इंजिनाला जोडलेली चाकं गिअरबॉक्समुळे थोडी जडच फिरतात, त्यामुळे तुलना डाव्या-उजव्याची करायची, पुढच्या-मागच्याची नाही.

कारण शोधायची युक्ती सोपी आहे. चाक अडलेलं असताना कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ब्लीड निपल (तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. जरासं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता. बहुतेकदा जुना रबरी होज आतून फुगलेला असतो: पाय दाबला की तेल पुढे जातं, परत येत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकल्या आहेत किंवा पिस्टन गंजलाय. पिना काढून साफ करा आणि सिलिकॉनवर आधारित ब्रेक ग्रीसच लावा. साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. निपल उघडला असेल तर काम झाल्यावर त्या चाकाची हवा काढून तेलाची पातळी भरून घ्या. मागे ड्रम असतील तर गुन्हेगार बहुधा अति ताणलेली हँडब्रेकची केबल.

टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, आणि गाडी थंड असताना. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. चालून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, तेव्हा हवा सोडून ‘बरोबर’ केली की सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. स्टिकरपेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवली तर गाडी थोडी हलकी पळते. त्यापुढे गेलात तर ओल्या रस्त्यावरची पकड जाते.

अलाइनमेंट तपासायला मशीनआधी तळहात पुरतो. टायरच्या नक्षीवरून हात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय, म्हणजे चाकं सरळ न फिरता अखंड घासत चाललीत.

वजनाचा हिशेब लहान गाडीत निर्दय असतो. ८५० किलोच्या गाडीत सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की वजन एक तृतीयांशाने वाढतं. माणसं उतरवता येत नाहीत, पण डिकीतलं सामान आणि छतावरचं रिकामं कॅरियर उतरवता येतं. कॅरियरचं वजन फारसं नसतं, त्रास वाऱ्याचा असतो, आणि तो ८० च्या पुढे चांगलाच जाणवतो. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नका.

आता इंजिन. एअर फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर धुवायचा नाही, जोराच्या हवेने फुंकायचाही नाही, कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरच्या डब्याला बाहेरची थंड हवा आणणारी नळी जागेवर आहे ना, हेही बघा. सर्व्हिसमध्ये ती निखळते आणि मग इंजिन बॉनेटखालची गरम हवा पीत राहतं. उघड्या कोन फिल्टरचं दुखणं हेच. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते, आणि फिल्टर कितीही ‘मोकळा’ असला तरी ती भरून निघत नाही.

प्लग साधे निकेलचे असतील तर फीलर गेजने गॅप मोजा. बहुतेक इंजिनांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. इरिडियमच्या प्लगचं टोक इतकं बारीक असतं की गेज रेटून घातला तर मोडतं. प्लग नेहमी थंड इंजिनात, आधी हाताने बसवायचा आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळू देणारा पाना) आवळायचा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की प्लगच्या कित्येक पट खर्च येतो.

थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप असलेला भाग) काळा थर पुसल्याने ताकद वाढत नाही, पण हळू चालवताना येणारे गचके जातात. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बोटाने रेटू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. थ्रॉटलचा स्प्रे एअर फ्लो सेन्सरवर मारू नका, त्याचा क्लीनर वेगळा असतो. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. ०डब्ल्यू-२० च्या जागी ‘इंजिनाला बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारे बरेच आहेत, त्याने इंजिन जड फिरतं.

एवढं करूनही गाडी ओढत नसेल तर दोन चाचण्या. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. खालच्या आरपीएमला गाडी ठीक पण ३,५०० च्या पुढे घुसमटते, असं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा) तुंबलेला असू शकतो किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय.

दम वरच्या आरपीएमला आहे

लहान इंजिनाचे बहुतेक मालक त्याची अर्धी ताकद कधी वापरतच नाहीत. एक हिशेब पाहू. चाकाचा घेर १.८ मीटर, डिफरन्शियलचं (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर जोड) गुणोत्तर ४.१, इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ९० न्यूटन मीटर आणि तो मधल्या पट्ट्यात साधारण सपाट, असं धरा. ६० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये (गुणोत्तर ०.७७) इंजिन सुमारे १,७५० आरपीएमला असतं आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही २२ बीएचपीच देऊ शकतं. तिसऱ्यात (१.२८) आरपीएम २,९०० आणि ताकद ३७. दुसऱ्यात (१.९) ४,३०० आणि तब्बल ५५. वेग तोच, रस्ता तोच, पण उजव्या पायाखाली अडीच पट गाडी. कोणत्याही दुकानात विकत मिळणारी वस्तू एवढा फरक पाडत नाही.

त्यामुळे ओव्हरटेक करायचा तर गिअर आधी उतरवा, मग बाहेर निघा. अर्ध्यात पोचून गिअर शोधणं धोक्याचं. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून थांबलात तर समोरचं दिसत नाही आणि वेग घ्यायला जागाही उरत नाही. दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा, समोरून येणारी शेवटची गाडी जवळ आली की मागूनच वेग धरायला लागा, म्हणजे ती गेल्याक्षणी तुम्ही आधीच दहा-पंधरा किलोमीटरने वेगात असता. ती गेल्यावर तिच्यामागे आणखी कुणी येताना दिसलं तर पाय काढून जागेवर परत येता येईल इतकं अंतर शिल्लक हवं, ही अट मात्र सोडायची नाही.

चढावरही तेच. गाडी घुटमळायला लागल्यावर नाही, चढ सुरू होण्यापूर्वी गिअर खाली घ्या. १,५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाशी दाबून ठेवलं की इंजिन ठोकायला लागतं. ४,५०० वर फिरवण्यापेक्षा हे त्याला जास्त जाचक असतं. एसीचा कॉम्प्रेसर कडक उन्हात तीन-चार बीएचपी सहज मागतो, तेव्हा अवघड चढावर तो दोन मिनिटं बंद ठेवायला हरकत नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, त्यामुळे उंचावर गाडी मंदावली तर तिला बिघाड समजू नका.

आरपीएम वर न्यायचा तो इंजिन तापल्यावरच. काटा मध्यावर आला तरी ऑइलला आणखी काही मिनिटं लागतात, तोवर ३,००० च्या आत राहा. रेव्ह लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या वर इंजिनाला जाऊ न देणारी सोय) इंजिनाला वर जाताना वाचवतो, पण चौथ्यातून तिसऱ्याऐवजी पहिल्यात गिअर पडला तर तो काही करू शकत नाही, कारण तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात.

खरी मजा वेग राखण्यात आहे. ताकद कमी असली की गमावलेला प्रत्येक किलोमीटर परत मिळवायला वेळ लागतो, म्हणून नजर पुढे ठेवून ब्रेक टाळता येईल तिथे टाळायचा. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा आणि गिअर उतरवा. क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला हलकासा टोला दिला की आरपीएम जुळतो आणि झटका बसत नाही. वळणात हलका पाय ठेवा, बाहेरचा रस्ता उलगडायला लागला की पूर्ण दाबा. जोरकस गाडीत वळणातली चूक पुढच्या सरळ रस्त्यावर झाकली जाते. इथे ती पुढच्या वळणापर्यंत सोबत येते, आणि म्हणूनच ड्रायव्हर सुधारतो.

टायर, सस्पेन्शन आणि बाकी

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या टायरवर करा. रुंदी फार वाढवू नका, दहा-वीस मिलिमीटर पुरे. एकूण व्यासही तपासा: १५५/८० आर १३ चा व्यास ५७८ मिलिमीटर, १७५/६५ आर १४ चा ५८३, म्हणजे चालेल. व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढला तर प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो आणि होता तो पिकअपही जातो. जड अलॉयही तसेच, स्टीलच्या चाकापेक्षा वजन जास्त भरलं तर घेऊ नका. विकत घेताना कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा: ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा.

लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत नवे शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे (चाकाला धरणारा खालचा दांडा) रबरी बुश आणि इंजिन माउंटिंग बसवले की गाडी वेगळीच वाटते. गिअर लिव्हर ढिला असेल तर लिंकेजचा झिजलेला बुश बदला, काम किरकोळ आणि फरक रोज हाताला जाणवणारा. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका, शॉकॲब्सॉर्बर बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का अडवणारा रबराचा तुकडा) आपटत राहतो आणि खडबडीत वळणात चाक रस्ता सोडतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं.

पेडलला जोडायचा ‘थ्रॉटल बूस्टर’ इंजिनाला काहीही देत नाही, अर्ध्या पेडलला जे मिळायचं ते पाव पेडलला देतो. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरूनही फारसं हाती लागत नाही. ईसीयू रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचा प्रोग्राम बदलणं) टर्बो इंजिनात खरोखर फळतो, बिनटर्बोत पाच-सात टक्क्यांवर भागवावं लागतं, आणि वॉरंटी व विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. बिनटर्बो गाडीत त्यापेक्षा आखूड (जास्त गुणोत्तराचं) डिफरन्शियल जास्त परिणामकारक. त्याच गिअरबॉक्समध्ये बसणारा ४.१ ऐवजी ४.४ चा जोड मिळाला तर प्रत्येक गिअरमध्ये ओढ सात टक्क्यांनी वाढते. बदल्यात हायवेवर इंजिन तेवढंच जास्त फिरतं आणि पेट्रोल थोडं जास्त लागतं. गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो, त्यामुळे क्लच बदलायची वेळ येईल तेव्हाच हे काम काढा, खोलायची मजुरी एकदाच पडेल.